बायकोचा पाहणी दौरा

३ मार्च, मंगळवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुमचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांसाठी वाढवतोय, फॅमिलीला आणणार असाल तर कंपनी मोठा फ्लॅट देईल. मी लगेच हो म्हटलं नाही. भाव खायचा असतो. दोन सेकंद थांबून मग हो म्हटलं.

संध्याकाळी बायकोला फोन. वाटलं होतं, ऐकताच बॅगा काढेल. ही म्हणाली, लायब्ररीतली नोकरी सोडायची, पोरीची शाळा बदलायची, आणि तिकडे परदेशात येऊन काय, पोळ्याच लाटायच्या ना? त्या इथेही लाटतेच आहे. मी म्हटलं, अगं, वर्षभर इथे सगळा स्वयंपाक मीच करतो. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, तू? म्हटलं, मीच. शिवाय दर रविवारी फिरायला जातो, सगळा परिसर तोंडपाठ आहे.

ठरलं ते असं. एप्रिलमध्ये ती एकटी आठ दिवस येणार, सगळं डोळ्यांनी बघणार आणि मग यायचं की नाही ते ठरवणार. लेक आजीकडे राहील.

म्हणजे हातात एक महिना. तेवढ्यात स्वयंपाक शिकायचा आणि परिसर तोंडपाठ करायचा. पाकिटं सील करणारी अख्खी लाइन मी तीन आठवड्यांत उभी करून देतो, वरणभाताची काय कथा. बाकी मला इथे एकटं वगैरे काही वाटत नाही. रात्री टीव्ही चालू ठेवून झोपतो तो भाषा सुधारावी म्हणून.

४ मार्च, बुधवार, सकाळी

संकल्प. पहाटे उठणे. रोज एक नवीन पदार्थ. पाकिटातलं सूप बंद, बाहेरचं बंद.

४ मार्च, रात्री

पाकिटातलं सूप. पण आज प्लॅनिंगचा दिवस होता, तो धरत नाहीत.

७ मार्च, शनिवार

हिला सहज विचारलं, वरणात मीठ किती घालतेस. म्हणाली, अंदाजाने. अंदाजाने म्हणजे किती ग्रॅम? म्हणाली, ग्रॅम कसले, चव बघायची. आता चव बघायची तर मीठ आधी घालावं लागणार, आणि घालायचं तर माप लागणार. कारखान्यात कोणी मला असं उत्तर दिलं असतं तर त्याला घरी पाठवला असता. तेवढ्यात तिला संशय आला. म्हणाली, वर्षभर वरण करतोयस ना? म्हटलं, मग, तुझी परीक्षा घेत होतो.

८ मार्च, रविवार

भ्रमंतीचा शुभारंभ. शहराबाहेर तळं आहे. ज्याला त्याला विचारावं तर म्हणतो, तळं पाहिलं नाहीत तर काय पाहिलंत. बरोबर डबा हवा म्हणून पोहे करायला घेतले. पोहे भिजवले आणि कांदा चिरायला बसलो. कांदा चिरून होईपर्यंत पोह्यांचा लगदा. लगद्याचे कटलेट करायचे ठरवले. कटलेट तव्याला चिकटले. तवा भिजत घातला तोवर शेवटची गाडी गेली होती.

तळं काही पळून जात नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज कुकर काढला. येताना आणलेला, पण रिंग घरीच राहिली, म्हणून वर्षभर खोक्यात पडून होता. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. पण सीलिंग हा माझा विषय आहे. कारखान्यात सिलिकॉनच्या तुकड्यातून रिंग कापली, तंतोतंत. आमच्या फिटर मामांना दाखवली. मामा आपल्याकडचेच, कितीतरी वर्षं इथे आहेत, स्वतःच्या स्वयंपाकाची फुशारकी मारण्यात पटाईत. त्यांच्या हातची भरली वांगी खाऊन म्हणे एकाने दिलेला राजीनामा परत घेतला. रिंग बघून म्हणाले, बरी आहे, पण शिट्टी साफ केलीत का? मी नुसता हसलो. शिट्टी काय साफ करायची असते.

रात्री

शिट्टी साफ करायला हवी होती.

वरण छतावर आहे. परातीएवढा पिवळा डाग. खालून घरमालकीण धावत वर आली. तिला म्हटलं, यंत्राची चाचणी चालू होती. हे खोटं नाही. हळदीचा डाग साबणाने घासला की आणखी पसरतो, ही एक नवीन माहिती. रिंग मात्र जागची हलली नाही, एवढं नमूद करून ठेवतो.

१५ मार्च, रविवार

तळं रद्द. पाऊस येईलसं वाटत होतं. आला नाही, पण येऊ शकला असता. त्याऐवजी घरी बसून मोबाईलवर तळ्याचे फोटो बघितले, चारही बाजूंनी. प्रत्यक्ष गेलो असतो तर एकाच बाजूने दिसलं असतं. त्यातला एक हिला पाठवून दिला. हिचं उत्तर आलं, फोटोत तू कुठेयस? लिहिलं, अगं, काढणारा मीच ना.

२४ मार्च, मंगळवार

प्रगती समाधानकारक. भात येतो. तळाचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो, पण मधला थर फर्स्ट क्लास. मधलाच खायचा. पोळ्यांचे नकाशे होत होते, म्हणून डब्याच्या झाकणाने कापून गोल केल्या आणि व्हिडिओ कॉलवर दाखवल्या. ही म्हणाली, अगंबाई, सगळ्या एकसारख्या कशा? मागून लेक म्हणाली, बाबा, झाकण दिसतंय. कॉल बंद केला. नेटवर्कचा प्रॉब्लेम.

तळं पुढच्या रविवारी. नक्की.

२९ मार्च, रविवार

कपडे धुवायचे होते.

२ एप्रिल, गुरुवार

परवा येतेय. अंतिम तयारी. तिखट-मिठाची पाकिटं फोडून थोडं थोडं सिंकमध्ये ओतलं, रोज वापरतो असं दिसायला हवं. कढई कोरी करकरीत होती, ती रिकामीच गॅसवर ठेवून काळी केली. आता तिच्याकडे पाहिलं तर वाटतं, या घरात निदान तीन लग्नं तरी उठलीत. छताचं राहिलं. पण पाहुणा आल्या आल्या छताकडे कशाला बघेल.

४ एप्रिल, शनिवार

आली. विमानतळावर काय करावं सुचेना. तिने हात पुढे केले, मी तिची ट्रॉली घेतली. जड होती.

घरात शिरली, चपला काढल्या आणि थेट वर बघितलं. हे काय? म्हटलं, आधीच्या भाडेकरूचं असेल. म्हणाली, अस्सं, तोही वरणभात खायचा वाटतं. मी विषय बदलून प्रवास कसा झाला ते विचारलं.

रात्री टीव्ही लावायचा राहिला. तरी झोप छान लागली. हवा बदलली असावी.

६ एप्रिल, सोमवार

मी नियमच केला आहे, तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. सकाळी उपमा केला. कसा झालाय विचारलं तर म्हणाली, गरम आहे. हिच्या तोंडून एवढं म्हणजे कौतुकच.

कामावरून आलो तर ओट्यावर कोबी चिरून ठेवलेला. नियम मोडल्याबद्दल बोललो. म्हणाली, अरे, दोघं मिळून करू की. मी चिरते, तू फोडणी घाल, गप्पा होतील. म्हटलं, मुळीच नाही, तू बाहेर बस, टीव्ही बघ. भाषा कळत नाही म्हणाली. म्हटलं, चित्रं बघ. मग सुरी ठेवून ती बाहेर जाऊन बसली. पटलं असावं.

९ एप्रिल, गुरुवार

खास रजा काढून तिला तळ्यावर घेऊन गेलो. म्हणजे निघालो.

रेल्वेत बसल्यापासून मी माहिती देत होतो. तळ्याची खोली, बदकं, फोटोंत पाहिलेलं सगळं. तासाभराने तिने शांतपणे विचारलं, तळं डावीकडे येणार की उजवीकडे? बाहेर पाहिलं तर दोन्हीकडे गोदामं. गाडी भलत्याच दिशेची. पुढच्या स्टेशनवर उतरलो. एक बाक, बंद पडलेली टपरी आणि सिमेंटच्या पाइपांचा ढीग. परतीची गाडी दुपारी उशिरा. मला दरदरून घाम. चेहरा मात्र असा ठेवला होता, जणू मुद्दामच इथे आणलंय.

हिने पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, सासूबाईंनी दिलेली. बाकावर बसून खाल्ली. मी तीन दशम्या खाल्ल्यावर म्हटलं, गाडी जरा चुकलीच. झालं. ही हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी. म्हणाली, आठवतं, नवीन लग्न झालं तेव्हा आत्याकडे जेवायला म्हणून निघालो आणि भलत्याच एसटीत बसलो? तेव्हाही तू कंडक्टरला रस्ता समजावून सांगत होतास. मला आठवत होतं, पण तिला सांगू दिलं. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, गाडी येईपर्यंत. कंटाळली असणार बिचारी. माझा हात अवघडून मुंग्या आल्या, पण हलवला नाही.

एकूण दिवस फुकट. मार्क कापले जाणार. शनिवारच्या जेवणात सगळं भरून काढायला हवं.

११ एप्रिल, शनिवार

बाजी मारली.

फिटर मामांना आठवडाभर मस्का लावत होतो. आज त्यांनी स्वतःच्या घरी सगळा बेत करून दिला. भरली वांगी, मसालेभात, आमटी, कोशिंबीर, पोळ्या. ही खाली घरमालकिणीकडे चहाला गेली होती, तेवढ्यात मामा मागच्या जिन्याने डबे देऊन गेले. जाता जाता स्वतःची स्तुती करायला पाच मिनिटं थांबले, त्यांना अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. वांगी माझ्या काळ्या कढईत ओतली. कपाळाला जरा कणीक लावून घेतली.

तिने पोळी हातात धरून बघितली. पदर सुटत होते. म्हणाली, हे तू केलंस? म्हटलं, रोजचंच आहे. चार घास खाल्ले, मग म्हणाली, म्हणजे आता तुला माझी काहीच गरज नाही. मी ठासून म्हटलं, अजिबात नाही.

पूर्ण मार्क. पोळ्या लाटाव्या लागतील ही जी तिची भीती होती, तिचा मुळासकट निकाल लावला. जेवणानंतर ती लगेच भिंतीकडे तोंड करून झोपली. पोट भरलं की माणूस सुस्तावतोच.

१२ एप्रिल, रविवार

तिला सोडून आलो. आत जाता जाता थांबली आणि एकदम विचारलं, मी यावं असं तुला वाटतं का?

प्रश्न फसवा होता. मी तत्काळ ओळखलं. हो म्हणालो असतो तर म्हणाली असती, पोळ्यांसाठीच ना. म्हणून म्हटलं, तुझं तू ठरव, माझी काही अडचण नाही. हल्लीच्या नवऱ्याने असंच बोलायला हवं. ती म्हणाली, बरं. तब्येतीला जप. आत गेल्यावर दोनदा वळून बघितलं. मी अगदी प्रसन्न चेहऱ्याने हात हलवला.

घरी आलो तर तिचा कंगवा बेसिनपाशी राहिलाय. राहू दे, आता येणारच आहे.

१५ एप्रिल, बुधवार

मोठा फ्लॅट पाहून आलो. लेकीचं टेबल खिडकीपाशी बसेल. हिला दुपारचं ऊन आवडतं, ते बाल्कनीत येतं. पडद्यांचा रंग हिला विचारावा लागेल, नाहीतर बदलायला लावेल. मामांना बातमी दिली. ते म्हणाले, आमच्या वांग्यांची कमाल.

१९ एप्रिल, रविवार

हिचा फोन आला. येत नाही म्हणाली.

म्हणाली, आठ दिवस नीट पाहिलं. तुझे खाण्याचे हाल नाहीत, घर नीटनेटकं आहे, तुझं छान बस्तान बसलंय. नोकरी सोडून, पोरीची शाळा मोडून धावत यावं असं माझ्यावाचून तिथे काही अडलेलं दिसलं नाही. दोन वर्षं काय, भुर्रकन जातील. मी म्हटलं, हो हो, बरोबर आहे तुझं.

मग कारण शोधत बसलो. तळ्यानेच घात केला. नाहीतर वांग्यांत मीठ जास्त झालं असणार. मामांना फोन करून तसं विचारलं. ते भयंकर चिडले. वांग्यांना नावं ठेवाल तर याद राखा म्हणाले आणि फोन आपटला.

२१ एप्रिल, मंगळवार

साहेबांना सांगितलं, मोठा फ्लॅट नको. ते म्हणाले, ठीक आहे.

आता हिला स्पष्टच सांगायचं ठरवलं. मला इथे एकट्याला करमत नाही, तू ये. वाक्य अवघड नाही. दिवसभर मशीनच्या आवाजात मोठ्याने म्हणून बघितलं, कोणाला ऐकू जात नाही. घरी आल्यावर आरशासमोर म्हटलं. चांगलं जमत होतं, एकदा तर मध्ये अडखळलोही नाही.

मग फोन लावला. तिने लगेच उचलला. मी म्हटलं, जेवलीस का? म्हणाली, जेवले, तू? म्हटलं, आत्ताच. काय केलं होतंस? म्हटलं, मसालेभात. म्हणाली, छान. लेक अभ्यासाला बसलीय म्हणाली. मी म्हटलं, बसू दे. मग ती काही बोलली नाही, मीही नाही, पण फोन कोणीच ठेवला नाही. शेवटी तिने विचारलं, अजून काही?

म्हटलं, नाही, एवढंच.