तुमचं हेलिकॉप्टर

अप्पा,

तुमचं हेलिकॉप्टर आता मी उडवते. तुम्हाला हे आवडलं असतं की नसतं, मला सांगता येत नाही, आणि विचारायची सोयही राहिली नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की परभणीत तुम्हाला ओळखणारी माणसंसुद्धा कमी होत चाललीत. पूर्वी बाजारात कुणी ना कुणी थांबवायचं आणि म्हणायचं, "तुमी सरांची मुलगी न? लय मोठा माणूस. हातात कानस कशी धरायची ते आमाला त्यांनी शिकवलं." मी हसून पुढे जायचे. आयटीआयमध्ये तुम्ही फिटरच्या पोरांना शिकवलंत, आणि त्यातली नापास झालेली पोरं रविवारी आपल्या ओसरीवर येऊन बसायची. मी त्यांना चहा नेऊन द्यायचे. लोखंडाचा तुकडा चुकीचा कापला गेला की पोरगं घाबरून तुमच्याकडे बघायचं आणि तुम्ही म्हणायचात, "घाई न्हाई. परत कर. बिघडला तर बिघडला, अजून तुकडे हायत." दाराआडून हे ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे माझी समजूत अशी झाली होती, की आपल्या घरात चुकलेल्याला दुसरा तुकडा मिळतो.

बारावीला माझं फिजिक्स राहिलं. बाकी सगळे विषय निघाले होते. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर जेवायला बसला होतात, आई भाकरी थापत होती आणि मी दारात उभी. मी म्हणाले, "ऑक्टोबरला बसते, अप्पा. निघेल." तुम्ही ताटातून मान वर केली नाही. "काही गरज न्हाई. कळली न आपली कुवत? बास झालं." आई हळूच म्हणाली, "अहो, एकच तर विषय हाय." तुम्ही म्हणालात, "तू भाकरी बघ, करपायली." भाकरी करपत नव्हती. मला तव्यावरची ती भाकरी अजून दिसते, पांढरी, नुकती टाकलेली, वरचं पाणीसुद्धा वाळलेलं नव्हतं. त्याच आठवड्यात माझी पुस्तकं रद्दीत गेली आणि दिवाळीनंतर मी पाथरीला, कापडाचं दुकान असलेल्या घरात. लग्नात तुमचे सगळे जुने विद्यार्थी राबत होते. ओसरीवर बसून गेलेलाच एक जण पंगतीत मला जिलबी वाढताना म्हणाला, "ताई, सर नसते तर मी पास झालो नसतो."

हेलिकॉप्टर तुम्ही निवृत्त झाल्यावर आलं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करायला तुम्ही हैदराबादला गेलात आणि तिथं एका मैदानात कुणीतरी रिमोटवर हेलिकॉप्टर उडवताना पाहिलंत. परतीच्या गाडीत आईच्या डोळ्याला पट्टी आणि तुमच्या मांडीवर ते खोकं. खोकं वरच्या फळीवर ठेवायला तुम्ही तयार नव्हतात, आईची पिशवी मात्र ठेवलीत. आई हे हसून सांगते. मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही. ज्या माणसानं मला पतंगाला हात लावू दिला नाही, त्यानं साठीत खेळणं आणलं. आणि पहिल्याच दिवशी ते आपल्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर कंबरेइतकं वर गेलं, गर्रकन वळलं आणि आडवं पडलं. आईनं मला फोन केला, "तुझ्या बापाचं इमान पडलं. पात्याचे तुकडे तुकडे झाले." मी विचारलं, "चिडले का?" आई म्हणाली, "न्हाई गं. तेच तर. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतेत. तर खुर्ची वढली आणि जोडायलाच बसले."

त्या हिवाळ्यात मी माहेरी आले तेव्हा माझ्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. जीपमधून उतरून ओसरीवर आले. तुम्ही टेबलावर हेलिकॉप्टर मोडून बसला होतात. ते तिसऱ्यांदा की चौथ्यांदा पडलं होतं, मला आठवत नाही. "काय झालं हाताला?" मी वाटेत पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मोरीत पाय घसरला." तुम्ही चष्म्यावरून एकदा प्लास्टरकडे पाहिलंत. "फरशी ओली असंल." मग थोडं थांबून म्हणालात, "डाव्या हातानं धरता येतंय का? जरा ही शेपटी धर."

मी धरली. तो सगळा महिना मी ती शेपटी धरून बसले आहे. अॅल्युमिनियमची बारीक नळी, तिच्या टोकाला छोटा पंखा. तुम्ही वाकलेला दांडा काढून काचेवर लोळवता, कुठे डुगडुगतो ते मला दाखवता. दोन दातेरी चाकं एकमेकांना फार घट्ट बसू नयेत म्हणून मध्ये कागदाची पट्टी घालता, चाकं आवळता आणि मग पट्टी फिरवून काढून घेता. एका पात्याला लाल चिकटपट्टी, दुसऱ्याला पिवळी, म्हणजे फिरताना कोणतं वर चाललंय ते कळावं. आणि बोलता. तुम्ही माझ्याशी आयुष्यात इतकं कधी बोलला नव्हतात. "आहिस्ता. जबरदस्ती करायची न्हाई. अडकायलंय कुठं ते आधी बघायचं." एकदा मी विचारलं, "एवढं पडतंय, तरी तुम्हाला राग येत नाही?" तुम्ही हातातल्या स्क्रूवर फुंकर मारली आणि म्हणालात, "राग कशाचा? पडतंच ते. पडल्याबिगर कुणाला आलंय? याच्यात कुणाची चूक नसती." अप्पा, त्या वेळी माझा प्लास्टरमधला हात तुमच्या टेबलावर, तुमच्या पक्कडीशेजारी होता. तुम्ही पक्कड उचलायला तो हळूच बाजूला सरकवलात.

संध्याकाळी आपण प्लॉटवर जायचो. ते तुमच्याकडे शेपटी करून उभं असलं की तुम्हाला जमायचं. गुडघ्याइतकं वर, वाऱ्यात थरथरत, पण जागेवर. तोंड तुमच्याकडे वळलं की सगळं बिघडायचं, कारण तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. ते डावीकडे चाललंय म्हणून रिमोटची काडी उजवीकडे ढकलावी, तर ते आणखीच डावीकडे पळतं. दर वेळी तिथेच तुमचा हात चुकायचा आणि दर वेळी तुम्ही तुकडे गोळा करून रुमालात बांधून आणायचात. शेजारचे काका कुंपणावरून विचारायचे, "पडलं का सर?" तुम्ही हसून म्हणायचात, "पडलं की! उद्या परत." ते हसू माझ्या ओळखीचं नव्हतं.

मी आईला खरं सांगितलं. तुम्हाला सांगायचं धाडस नव्हतं, पण आई सांगेल म्हणून सांगितलं. दुपारी मी आतल्या खोलीत पडले होते आणि ओसरीवर तुम्ही दोघं बोलत होता. आई म्हणाली, "मोरीत पडली न्हाई ती." तुमचा आवाज अगदी शांत होता. "मला कळत न्हाई का? घसरून पडल्यावर हात असा मोडत नसतो. आल्या दिवशीच कळलं." मी उठून बसले. आई म्हणाली, "मग?" "मग काय? घरात ठिवून घ्यायची? लोक काय म्हणतेत?" मग स्क्रू घट्ट करताना होतो तसा बारीक आवाज यायला लागला.

आल्या दिवशीच कळलं होतं. एवढं एक वाक्य मी इतकी वर्षं वागवते आहे. तुम्हाला कळलं नसतं तर मी तुम्हाला साधा, संसारातलं काही न कळणारा माणूस म्हणून सोडून दिलं असतं. पण तुम्ही बघितलंत, ओळखलंत आणि मग मला शेपटी धरायला सांगितलीत.

प्लास्टर काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बसवर बसवायला आलात. माझ्या बॅगेचा बंद तुटला होता. सकाळी उठून बघते तर तुम्ही त्याला आतून पत्र्याची पट्टी लावून बोल्ट बसवले होते, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, हाताला काचू नये म्हणून. स्टँडवर पाथरीची गाडी लागली. तुम्ही खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरलीत. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी आलात आणि म्हणालात, "जोडून घ्यायचं असतं बाई. मोडलं म्हणून लगेच टाकून द्यायचं नसतं. पोचलीस की मिस्ड कॉल दे." मी मिस्ड कॉल दिला. तुम्ही दोन्ही वाक्यं माझ्या भल्यासाठी बोललात, असं आई म्हणते. असेल. पण पुस्तकं रद्दीत टाकताना जोडायचं कुणाला आठवलं नव्हतं, आणि पाथरीच्या घरात मोडलेलं सामान मीच होते. जोडणारी मी नव्हते.

तुम्ही गेलात तेव्हा मी तेराव्यासाठी आले ती परत गेलेच नाही. हे मी मान खाली घालून लिहीत नाही. माझ्या सुटकेसाठी तुमच्या जाण्याची वाट बघावी लागली, ही गोष्ट माझी नाही, तुमची आहे. पाहुणे गेल्यावर मी आईला म्हणाले, "मी जात नाही." आई तांदूळ निवडत होती. "ऱ्हा," एवढंच म्हणाली आणि सूप माझ्याकडे सरकवलं. इतकं सोपं होतं ते, अप्पा. पुढच्याच मार्चला मी बारावीला बाहेरून बसले, फिजिक्ससकट. निघालं. नंतर बीए झाले, आणि आता मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर आहे. निकालाच्या दिवशी मी मेसमध्ये गोड करायला लावते. पास होणारीला आणि न होणारीला एकाच पातेल्यातून.

तुमचं खोकं माळ्यावर होतं. यंदा पत्रे बदलायचे म्हणून सगळं खाली काढलं, आणि आई भंगारवाल्याला हाक मारायला निघाली होती. मी म्हटलं, थांब. उघडलं तर बॅटरी फुगून पावासारखी झालेली, बाकी सगळं कापडात गुंडाळलेलं. खाली एका डब्यात तुम्ही तोवर वाकलेला एकूण एक दांडा, तुटलेलं प्रत्येक पातं, फुटलेली चाकं जपून ठेवली होती, दोऱ्यानं जुड्या बांधून. मी तो डबा मांडीवर घेऊन बसले आणि मला इतका संताप आला की आईनं विचारलं, "काय निघालं गं त्यात?" मी म्हटलं, "काही नाही. भंगार." जुड्या मी स्वतः भंगारात दिल्या. हेलिकॉप्टर ठेवलं.

का ठेवलं ते मला नीट सांगता येत नाही. नवी बॅटरी मागवली, मोबाइलवर बघून बघून शिकले. सोयाबीन निघाल्यावर पोखर्णीच्या रस्त्याला ओळखीच्यांचं एक रान मोकळं होतं, तिथं रविवारी आईला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून उडवायला लागले. पंधरवड्यापूर्वी मीही पाडलं. तुमच्याच जागी, तोंड माझ्याकडे वळल्यावर. पाती बांधावर आपटली, दांडा वाकला, शेपटीची नळी काटकोनात दुमडली. आई खुर्चीतून म्हणाली, "पडलं व्हय? उचल मग." मी उचललं. घरी आणून सगळं सुटं केलं, दांडा काचेवर लोळवला, चाकांमध्ये कागदाची पट्टी घातली. हात आपोआप चालत होते. ते मला कुणी शिकवलं, हे मला त्या वेळी आठवायचं नव्हतं. थंडीत माझं उजवं मनगट अजून दुखतं, त्यामुळे बारीक स्क्रू मी डाव्या हातानं बसवते.

काल ते परत उडवलं. वारा पडला होता. छातीइतकं वर नेलं आणि मुद्दाम, हळूहळू, त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. पळू दिलं नाही. ते हेलकावे खात होतं, पण माझ्यासमोर, माझ्याकडे तोंड करून थांबलं, बॅटरी उतरत आल्याची शिट्टी वाजेपर्यंत. मग सरळ खाली उतरवलं. आई म्हणाली, "तुझ्या बापाला हे एकदाबी जमलं न्हाई." तिच्या आवाजात अभिमान होता, पण डोळ्यांना पदर लावला तो तुमच्यासाठी. तुमचं न जमलेलंसुद्धा ती प्रेमानं आठवते.

आत्ता ती आतून विचारतेय, "काय लिहायलीस एवढं?" मी सांगितलं, हॉस्टेलचं काम. हे तिला वाचून दाखवणार नाही, कुठं ठेवणारही नाही, फाडून टाकणार. तिला तिच्या आठवणीतले अप्पा लागतात, आणि ते तिच्यापाशी राहू देत. माझ्यापुरतं म्हणाल तर माफ वगैरे काही केलेलं नाही, तसं समजू नका. फक्त काल घरी येताना मी स्वतःलाच विचारत होते, की तुम्ही आज असतात तर तुम्हाला त्या रानात बरोबर नेलं असतं का. 'मुळीच नाही' हे उत्तर मी तयार ठेवलं होतं. पण ते खरं नाही. रिमोट तुमच्या हातात दिला नसता. नेलं मात्र असतं.