शिरगुंडीच्या दगडाच्या नऊ ओळी

मी, श्रीमती भाग्यलक्ष्मी परशराम बेकवाडकर, वय वर्षे सत्तर, सेवानिवृत्त प्राध्यापिका, राहणार वडगाव, बेळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी ठिकाणावर नाही, आणि ती बदलून घेण्यासाठी येत्या गुरुवारी मला हॉस्पिटलात दाखल व्हायचे आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न झाला, तो कलम पाचमध्ये सांगितला आहे. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. एका जागी बसून लिहिणे मला जमलेले नाही. मधेच उठते, खिडकी उघडते, परत लावते. म्हणून अक्षर जागोजागी बदललेले दिसेल. ते सगळे माझेच आहे.

कलम १. वडगाव येथील राहते घर, परसातल्या विहिरीच्या हक्कासह, माझा मुलगा चि. ओमकार याला द्यावे. तो पुण्यात नोकरीला आहे आणि इथे परत येणार नाही हे मला कळते. विकायचे झाले तर खुशाल विकावे. हे घर माझे पती कै. परशराम यांची नोकरी कायम झाल्यावर बांधले, आणि नोकरी कायम झाली ती त्यांना सुवर्णपदक मिळाल्यावर. हे मी कधी नाकारलेले नाही. त्याच छपराखाली मी एवढी वर्षे राहिले आणि त्याच पदकावर रागावले.

कलम २. माझ्या आईचा, बायाक्काचा, हातमागावरचा धोटा माझा भाऊ रविराज याला द्यावा. त्याच्याकडे आता सगळे पॉवरलूम आहेत, त्याला धोट्याचा उपयोग नाही, पण आईचा हात लागलेली तेवढीच एक वस्तू उरली आहे. रविराजशी माझा एक जुना हिशेब आहे. पदकाच्या कार्यक्रमाला तो कोल्हापूरला गेला होता. परत आल्यावर मला म्हणाला, "आक्का, पदक घरातच आलं की. कुणाच्या हातात पडलं म्हणून काय फरक पडतोय?" त्याला पुढे आणखी काही सांगायचे होते. मी ऐकून घेतले नाही, उठून आत गेले. हे वाक्य मी त्याला आजवर माफ केलेले नाही, तरी धोटा त्यालाच द्यावा.

कलम ३. सत्कारांत मिळालेल्या शाली लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. त्या सगळ्या रुक्माबाईंना द्याव्यात. त्या सांबऱ्याहून येऊन आमचा स्वयंपाक करतात. बहुतेक शालींच्या घड्याही मोडलेल्या नाहीत.

कलम ४. माझी सर्व पुस्तके आणि शिलालेखांचे ठसे घेण्याचे सामान, म्हणजे दोन ब्रश, शाईची गादी आणि उरलेला जाड कागद, हे भावाची मुलगी चि. रचना हिला द्यावे. ती निपाणीच्या कॉलेजात शिकवते. त्याच निपाणीला मी नोकरीची सारी वर्षे एसटीने गेले-आले. ब्रश पाण्यात भिजत ठेवू नयेत, केस गळतात. तिला हे शंभरदा सांगितले आहे, इथे पुन्हा लिहून ठेवते.

कलम ५. शिरगुंडीच्या दगडावरील लेखाचे हक्क.

हे कलम लांबणार आहे. वकिलांनी थोडक्यात लिहा असे सांगितले होते, पण थोडक्यात लिहिल्यामुळेच सगळे बिघडले.

मौजे शिरगुंडी, तालुका खानापूर, हे माझे सासर. तिथल्या शिवारात बांधाला एक वीरगळ उभा आहे. गावातल्या म्हशी त्याला अंग घासत. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेले तेव्हा परशरामांनी मला तो दाखवला आणि म्हणाले, "लहानपणापास्नं बघतोय, खाली कायतरी लिवलंय." आम्ही दोघांनी शेवाळ काढले, ठसा घेतला. ओळी नऊ निघाल्या. वरच्या सात जुन्या कन्नडात, खालच्या दोन मराठीत. कन्नड मला येत होते. वडगावात मागावर बसणाऱ्या घरात दोन्ही भाषा बोलत. जुनी अक्षरे मी शिकून घेतली. परशरामांना कन्नड बाजारापुरते येई, पण जुन्या मराठीत त्यांच्याइतका बारकाईने वाचणारा मी दुसरा पाहिला नाही. सात ओळी मी वाचल्या, दोन त्यांनी. सात ओळींत एका माणसाचे नाव आहे, त्याचे गाव आहे, आणि पळवून नेलेल्या गुरांमागे धावताना तो कसा पडला ते आहे. शेवटच्या दोन ओळींत त्याची बायको बोलते: हा दगड मी उभा केला, आणि गुरांना पाणी पिण्यासाठी इथे डोणी ठेवली.

आम्ही दोघांच्या नावाने निबंध लिहून पश्चिम घाट पुरालेख मंडळाकडे पाठवला. काही दिवसांनी मंडळाचे त्या वेळचे चिटणीस आमच्या भाड्याच्या खोलीत आले. चहा घेतला आणि म्हणाले, "निबंध उत्तम आहे. यंदाचं सुवर्णपदक यालाच द्यायचं समितीच्या मनात आहे. फक्त शेवटच्या दोन ओळींवर लिहा. सीमेवरच्या आपल्या लोकांना आज त्याच ओळींची गरज आहे."

मी विचारले, "आणि वरच्या सात?"

"त्या कुठं पळून चालल्यात? पुढच्या अंकात घेऊ."

ते गेल्यावर परशरामांनी कपबश्या गोळा केल्या. तेव्हा ते हंगामी अधिव्याख्याते होते, दर जूनला नोकरी राहते की जाते याची धास्ती असे. शेवटी म्हणाले, "भाग्या, दोनच ओळी मागत्यात. बाकीच्या मागनं घालूया की."

मी म्हणाले, "अहो, सात ओळी काढल्या तर मेलेला माणूसच न्हाय उरत. नुसती त्याची बायको उरती. ती कुणासाठी दगड उभा करती मग?"

"कळतंय मला. पण नोकरीचं काय करू सांग."

मी निबंधावरचे माझे नाव काढून घेतले. निबंध दोन ओळींचा छापून आला, पदक मिळाले, आणि तो पुढचा अंक कधी निघालाच नाही. मी कार्यक्रमाला गेले नाही, शाळकरी ओमकारला घेऊन हेच गेले. त्या रात्री हे परत आले तेव्हा दारातच सांगितले, या घरात आजच्या दिवसाचे नाव पुन्हा काढायचे नाही. कोणी काढले नाही.

इथे हेही लिहून ठेवते की पुढे दुसऱ्या भाषेतल्या एका परिषदेने मला सन्मान देऊ केला. अट अशी की वरच्या सातच ओळींवर बोलावे. मी त्यांनाही नाही म्हटले. परशराम तेव्हा जेवत होते. त्यांनी ताटातून मान वर करून माझ्याकडे पाहिले. नऊ ओळींचा निबंध मी स्वतः तीन ठिकाणी पाठवला. तिन्हीकडून परत आला. कुणाला तो जास्त वाटला, कुणाला कमी.

आता चालू गोष्ट. पती वारल्याला सहा वर्षे झाली. मंडळाला त्यांच्या नावाने तरुण संशोधकांसाठी पुरस्कार सुरू करायचा आहे, आणि पहिल्या कार्यक्रमात त्यांचा तो दोन ओळींचा निबंध पुस्तिका म्हणून वाटायचा आहे. निबंधाचे हक्क पतींच्या मृत्युपत्राने माझ्याकडे आले आहेत. आजचे चिटणीस रोज फोन करतात. ऑपरेशनचे कळल्यापासून आवाज फार मऊ झाला आहे. परवा म्हणाले, "मॅडम, आधीच सही करून ठेवलीत तर बरं. पुढचं कुणी सांगावं?" ओमकारने माझ्या पाठीमागे त्यांना होकार दिलेला आहे हेही मला त्यांच्याच तोंडून कळले.

म्हणून असे ठरवते: सदर निबंधाचे सर्व हक्क माझ्या पश्चात रचनाकडे जावेत. नऊच्या नऊ ओळी आणि दोन्ही नावे यांशिवाय तो निबंध कुणालाही, कोणत्याही कारणासाठी छापू देऊ नये. ओमकारला यात कोणताही अधिकार नसावा.

कलम ६. ~~सुवर्णपदक मंडळाला परत करावे.~~ ~~सुवर्णपदक खडेबाजारात सोनाराकडे मोडून~~

(वरील दोन्ही ठिकाणी मी स्वतः खोडले आहे व बाजूला सही केली आहे. कलम पाचमधील शेवटचे वाक्यही मी रद्द करीत आहे. कारण खाली देते.)

कलम पाच लिहून झाल्यावर मला राहवेना. घरात येरझाऱ्या घातल्या, डॉक्टरांनी नको म्हटले असूनही. मग ओमकारला फोन लावला आणि विचारले, "मला न विचारता तू त्या लोकांना हो कसं म्हणालास?"

तो म्हणाला, "आई, बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आता तरी सोड की. एवढं काय केलतं त्यांनी?"

"सात ओळी गिळल्या."

तो म्हणाला, "छापताना गिळल्या. तिथं न्हाय गिळल्या."

"तिथं म्हंजे?"

"कोल्हापुरात. पदक घेतल्यावर बोलायला उठले तवा त्यांनी नऊच्या नऊ ओळी म्हणून दाखवल्या. लोक चुळबूळ कराय लागले. टेबलावरची घंटा वाजवली दोनदा. तरी थांबले न्हाईत. आणि म्हणाले, यातल्या सात माझ्या बायकोनं वाचल्यात, तिचं नाव इथं पाहिजे होतं. मी पुढच्या रांगेत मामाच्या शेजारी बसलतो. तुला ठाऊक न्हाय?"

मला ठाऊक नव्हते.

"सांगितलं का न्हाईस रं मला?"

"तूच म्हणालीस, त्या दिवसाचं नाव काढायचं न्हाय. बाबा म्हणाले, आई म्हणती तसं करूया. मला वाटलं, त्यांनी कधीतरी सांगितलं असंल."

फोन ठेवल्यावर मी किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही. राग गेला असे लिहिणे खोटे होईल. छापील अंकात आजही दोनच ओळी आहेत, आणि ग्रंथालयात जाणारा माणूस तेवढ्याच वाचतो. पण ज्या माणसावर मी रागावले होते तो संपूर्ण तसा नव्हता, आणि हे आता मी कुठे नेऊन ठेवू ते मला कळेना. मी रविराजला फोन केला. तो एवढेच म्हणाला, "आक्का, सांगायलाच आलतो त्या दिवशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिटणीसांना कळवले: नऊ ओळी छापा, दोन नावे घाला, लगेच सही देते.

ते म्हणाले, "निमंत्रणपत्रिका छापायला गेली आहे, मॅडम. यंदा होऊन जाऊ दे. बाकीचं पुढच्या वर्षी नक्की बघू."

"मागच्या खेपेला तुमचं मंडळ पुढच्या अंकात म्हणालं होतं."

"मग काय पुरस्कार थांबवायचा काय?"

"थांबवा."

तासाभरात ओमकारनेही त्यांना फोन करून दिलेला होकार मागे घेतला. तसे मी त्याला सांगितले नव्हते. सबब मंडळाचा पुरस्कार होणार नाही.

त्यामुळे कलम पाचमध्ये असा बदल करते की निबंधाचे हक्क रचना आणि ओमकार या दोघांकडे समान असावेत आणि त्यांनी नऊ ओळींची पुस्तिका आमच्या दोघांच्या नावाने काढावी. मी वाचले तर मीच काढीन. सुवर्णपदक ओमकारला द्यावे. त्याने ते वडिलांच्या हातात पाहिले आहे, मी पाहिलेले नाही.

कलम ७. शिरगुंडी येथील तो बांध व लगतचा जमिनीचा तुकडा, काजूच्या झाडांसह, ओमकार व रचना यांना एकत्र द्यावा. पदकानंतर परशरामांनी तो चुलतभावाकडून विकत घेतला होता. कशाला घेतला असे मी विचारले तेव्हा म्हणाले होते, "दगड दुसऱ्याच्या रानात नको." दगड हलवू नये. त्यावर शेड उभारू नये, रंग लावू नये, कोणत्याही रंगाचा झेंडा लावू नये, हार घालू नये. म्हशींनी अंग घासले तर हाकलू नये.

कलम ८. माझ्या नावाने कोणी पुरस्कार ठेवू नये. शोकसभा घ्यायचीच असेल तर प्रत्येक वक्त्याने पाच मिनिटांत आवरावे, आणि घंटा रचनाच्या हातात द्यावी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी रचनाने करावी.

आणखी एक गोष्ट कलमात बसत नाही, तरी लिहिते. त्या कार्यक्रमाआधी आठवडाभर परशराम मोरीत अंघोळ करताना काहीतरी पुटपुटत. मला वाटे, आभाराचे भाषण पाठ चालले आहे, आणि मी मुद्दाम भांडी जोरात आदळत असे. तिसऱ्या ओळीत जुन्या कन्नडातला एक उच्चार आहे, आपल्या ळ-च्या जवळचा पण ळ नव्हे. जीभ आणखी मागे न्यावी लागते. ठसा वाचताना मी त्यांना तो पुन्हा पुन्हा शिकवला होता आणि दर वेळी आम्ही दोघे हसत सुटायचो. कोल्हापुरात, एवढ्या लोकांपुढे, तो त्यांना जमला का, असे मी काल ओमकारला विचारले. तो म्हणाला, "आई, मला तवा कन्नड कुठं येत होतं?" रविराजला विचारले, त्याला आठवत नाही. आता सांगणारे कोणी नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोडीसह तो मला मान्य आहे, आणि खालील साक्षीदारांसमोर, त्यांच्या देखत, सही करीत आहे.

सही: भाग्यलक्ष्मी परशराम बेकवाडकर

आम्ही दोघांनी लिहून देणार यांना सही करताना पाहिले व त्यांच्या समोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार १: रवळू भरमाणा सुळगेकर, सेवानिवृत्त ग्रंथपाल, राहणार मच्छे
साक्षीदार २: सौ. नीलम तेजस्वी काकतकर, शेजारी, राहणार वडगाव

लिहून देणार यांची आज तपासणी केली. त्या पूर्ण शुद्धीवर असून मजकूर समजून सही करीत आहेत. तपासणीच्या वेळी त्या उभ्याच होत्या. बसा म्हटल्यावरही बसल्या नाहीत.
डॉ. स्वरूप मजुकर

ठिकाण: वडगाव, बेळगाव
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५