नळ बंद झाल्यावर

प्रिय बाबा,

सुखरूप पोहोचले. ट्रंकेची कडी वाटेतच तुटली. तुम्ही सुतळी बांधत होतात तेव्हा मी नाक मुरडलं होतं, पण त्या सुतळीनेच माझी अब्रू राखली. तेव्हा हसून घ्या माझ्यावर, आज तुमचा दिवस आहे.

खाणीचं गाव म्हणजे एक रस्ता, दोन्ही बाजूंना एकसारखी घरं आणि सगळ्यावर करडी धूळ. माझ्या खोलीतलं टेबल पुसलं की चहा होईपर्यंत त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. आई इथे आली तर हातातलं फडकं खाली ठेवणार नाही. नर्सिंगचं शेवटचं वर्ष असल्या ठिकाणी काढायचं म्हणून मी कॉलेजात रडले होते, ते तुम्हाला कळू दिलं नव्हतं.

आज पहिला दिवस. काम वरवर सोपं. खाणीत उतरणाऱ्या माणसांना खोकला आहे का, धाप लागते का, हे विचारायचं, छाती ऐकायची आणि शंका आली तर छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढायला पाठवायचं. दवाखान्याच्या मागे एक नळ आहे. आत येण्याआधी जो तो तिकडे जाई, नळ धो धो सोडी आणि ओल्या चेहऱ्याने, शहाण्या मुलासारखा येऊन बसे. खोकला? छे, कधीच नाही. मी आपली खूश! मोठ्या सिस्टरना म्हटलंसुद्धा, की इथली माणसं किती स्वच्छ आहेत हो. त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. खोकला सापडला तर खाली उतरणं बंद होतं, म्हणून ही माणसं नळाच्या आवाजाआड पोटभर खोकून येतात. त्यावर सिस्टरांचं औषध एकच. नळ बंद झाला की घाई करायची नाही. माणसाला बसवायचं आणि हसवायचं. दाबलेला खोकला गप्प बसतो, पण हसू आलं की त्याला धीर धरवत नाही.

नंतर एक मिशीवाले काका आले. मी त्यांना आपल्या ट्रंकेची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. ते खो खो हसले आणि मग खोकतच राहिले. मला पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाशी धरावा लागला. दम परत आल्यावर म्हणाले, पोरी, हे लिहू नकोस, वर बसून मी काय माशा मारू? तरी मी लिहिलं. ते फणकाऱ्याने निघून गेले. मला वाटलं, पहिल्याच दिवशी एक माणूस दुखावला. पण थोड्या वेळाने दारातून मिशा आत आल्या. फोटो काढायला उद्या किती वाजता यायचं, हे विचारायला! सिस्टर म्हणाल्या, वेळेत सापडला गं, धुळीतून वर आला की बरीच वर्षं काढेल.

बाबा, तेव्हापासून माझ्या डोक्यात आपल्या न्हाणीघरातला नळ वाहतोय. तुम्ही दगड कापायच्या कारखान्यातून आलात की तो किती वेळ चालू असतो! आई पाण्याच्या नावाने ओरडते, तुम्ही घशात काहीतरी अडकलंय म्हणता आणि आम्ही दोघी ऐकून सोडून देतो. पूर्वी तुमचं हसणं शेजारच्या घरात ऐकू जायचं. हल्ली तुम्ही नुसते ओठ हलवता. परवा बस सुटताना मी तुमच्या सुतळी बांधण्याची नक्कल केली, तर तुम्ही पाठ फिरवून पाण्याची बाटली शोधू लागलात. बाटली तुमच्या हातातच होती. तुम्हाला रडू येतंय असं समजून मी खिडकीतून बघायचं टाळलं. रडू नव्हतं ना ते?

मला भीती वाटतेय, बाबा. सोमवारी कामावर जाऊ नका, आईला घेऊन मोठ्या दवाखान्यात जा आणि छातीचा फोटो काढा. हे पत्र तिला वाचून दाखवा, म्हणजे तुम्हाला सुटका नाही. आणि पहिल्या ओळींत मी हसा म्हटलं होतं ते खरंच करून पाहा. नळ बंद करून, आईसमोर, मोठ्याने.

तुमचीच, कानाशी कायमची,
भुणभुण