खडा आमचा, धावपळ तुमची

मु. पो. जळकोट

सौ. विहीणबाई बनाबाई यांना तात्यारावचा मनापासून जयभीम. व्याही प्रेमानंदराव, आमची सून चैताली आणि आपली नात मजेत असतील अशी आशा आहे. बाळानं चांगलं अंग धरलंय असं आमचा प्रसेनजित सांगत होता. तिला वाऱ्यात फार नेऊ नका (हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे कमालच झाली). इकडं माझी तब्येत आता झकास आहे, आणि ती तुमच्यामुळं आहे, हे नीट बसून सांगावं म्हणून लिहायला घेतलं. समोर आभार मानायला गेलो की तुम्ही "राहू द्या हो, आधी जेवा" म्हणून ताट पुढं करता, आणि माझे आभार तिथंच भाकरीबरोबर पोटात जातात.

नातीच्या नामकरणाला येडशीला आलो तेव्हा मी कसा ऐटीत होतो ते तुम्ही पाहिलंच. जन्मभर एसटी चालवली. गाडीची वाट बघत माणसं ताटकळायची, पण खुद्द माझी वाट बघत पाहुणेमंडळी उभी आहेत, हे पहिल्यांदाच घडत होतं. प्रेमानंदरावांनी फेटा बांधला आणि नेमकी त्याच घडीला डाव्या बरगडीखाली मागल्या बाजूनं कळ उठली. ती पाठीतून निघाली ती थेट जांघेपर्यंत उतरली. बसलो तर बसवेना, उठलो तर उभं राहवेना, आडवं पडलो तर त्याहून वाईट. कळ जरा ओसरायची, मी कपाळ पुसायचो, की पुन्हा दुप्पट जोरानं यायची. मंडपामागं मी जे वाकत-उठत होतो, ते बघून तुमच्या जाऊबाईंना वाटलं की पाहुणे व्यायाम करतायत.

मग सल्लागार जमले. तुमचे दीर सिदू म्हणाले, गॅस आहे, सोडा प्या. आमची मंडळी म्हणाली, कालची भजी सोसली न्हायती, फेऱ्या मारा. तुमच्या शेजारच्या आण्णासाहेबांनी तर नामकरणाला आलेले भंतेजी चार पावलांवर असताना खणखणीत आवाजात सांगितलं, "मुतखडा हाय. दोन बाटल्या बियर मारा, धारेसंगट बाहेर पडतो का न्हाय बघा!" (भंतेजींनी डोळे मिटून घेतले. ध्यानाला बसले की काय, कळलं नाही.) शेवटी गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पाठीवर हलकी थाप मारली तर मी केवढ्यानं ओरडलो! इंजेक्शन दिलं आणि बजावलं, ही मुतखड्याचीच कळ दिसते, आजच सोनोग्राफी करून घ्या. आणि दुखणं आवरेना, उलट्या थांबेनात, लघवी अडली किंवा थंडी-ताप आला, तर तडक मोठा दवाखाना गाठा.

इंजेक्शननं कळ गेली आणि तिच्याबरोबर डॉक्टरांचं बोलणंही माझ्या डोक्यातून गेलं. मंडपात येऊन मी जाहीर केलं, खडा विरघळला! टाळ्या पडल्या. नामकरण झालं, पंगत बसली, मी दोनदा बुंदी घेतली. आणि हात धुवायला उठतो तो अंगात अशी हुडहुडी भरली की दातावर दात आपटायला लागले. बाहेर वैशाखाचं ऊन, लोक टॉवेलनं वारा घेतायत, आणि मी, मुलाचा बाप, मानाचा पाहुणा, नातीच्या पाळण्यातली गोधडी ओढून अंगावर घेतली. ती माझ्या एका खांद्याला पुरली.

तुम्ही वाढपाचा हात पुसत आलात, माझ्या कपाळाला हात लावलात आणि म्हणालात, "अंग तापलंय की! लघवी कवा झाली?"

चारचौघात विहिणीनं व्याह्याला हे विचारावं! मी लाजून म्हणालो, "सकाळी, थोडीशी. उद्या बघू विहीणबाई, अजून आहेराचा मान राहिलाय."

"मान गेला खड्ड्यात. माझ्या थोरल्या भावानं असाच ताप अंगावर काढला, आज एका किडनीवर हाय. उठा!"

दुसरी गाडी मिळेना म्हणून तुम्ही मंडपाच्या खुर्च्या न्यायला आलेला टेम्पो अडवलात. मला खुर्च्यांच्या चळतीत आडवं केलंत, बाजूला स्वतः बसलात, आणि धाराशिवपर्यंत वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यावर माझं डोकं धरून ठेवलंत. मी मधेच "बरं वाटतंय, माघारी फिरू," असं म्हणालो होतो म्हणे. तुम्ही ऐकलं नाहीत, हे फार चांगलं केलंत.

तपासणी झाल्यावर डॉक्टर राजनंदिनी मॅडमनी समजावून सांगितलं. खड्यानं नळी बंद केलेली, वर लघवी तुंबलेली आणि त्यात जंतू झालेले. विष रक्तात भिनायला वेळ लागत नाही. दुखणं थांबलं म्हणजे खडा गेला असं नसतं. आत बारीक नळी घालून त्यांनी वाट मोकळी केली, सलाइनमधून औषधं दिली, आणि ताप उतरून जंतू गेल्यावर पुढं दुर्बिणीतून खडा काढला. केवढा? ज्वारीच्या दाण्याएवढा! एवढ्याशा ऐवजानं मला टेम्पोत घातलं. मी बियरचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "काका, ते औषध न्हाय. पाणी प्या. ड्रायव्हरकीत गाडी थांबवावी लागू नये म्हणून पाणी पिणं टाळत होता ना?" मी मान खाली घातली. आता लघवी पाण्यासारखी स्वच्छ होईल इतकं पाणी पितो, मीठ कमी केलंय, दूध मात्र बंद करायचं नाही असं त्यांनी बजावलंय.

विहीणबाई, दवाखान्यात पडल्या पडल्या मला भीती एकच वाटत होती, की नातीचं नाव ठेवलं आणि त्या नावानं तिला एक हाक मारायची राहून गेली. काल फोनवर मारली. ती हसली, असं चैताली म्हणाली. ते हसू तुमच्या टेम्पोचं आहे.

आपला,
तात्याराव

ता. क. : आहेर पोचला. टॉवेल उत्तम आहे.

आणखी ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. परवा प्रेमानंदरावांचा फोन आला होता. त्यांना चार दिवस लघवीतून लाल जातंय. "दुखत न्हाय, मग कशाला बोंब? बनाला तोंडानं सांगायचं न्हाय," अशी त्यांनी मला शपथ घातली. म्हणून तोंडानं सांगत नाही, प्रसेनजितच्या हाती हे पाकीट आजच पाठवतो. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, लघवीत रक्त दिसलं तर दुखो न दुखो, तपासायचंच, कारण काहीही असू शकतं. उद्याच न्या. ते माझ्यावर रागावतील. रागावू द्या. रागवायला तरी माणूस धडधाकट पाहिजे.