डिकीवरचा आकडा

वहिनी,

तुझा फोन इथेच चार्जिंगला राहिलाय, म्हणून चिठ्ठी. मी स्कूटर काढून दादाच्या मागे घाटाकडे निघालोय. स्टेअरिंगवर असला की तो फोन उचलत नाही, तरी तू लावत राहा. उचललाच तर म्हणावं, साहेबांची गाडी असशील तिथेच थांबव, उतार उतरू नकोस.

चूक माझीच. परवा गॅरेजमध्ये मी तिचे ब्रेक पॅड बदलले. डिकीवर लहान इंजिनाचा आकडा, म्हणून लहान गाडीचे पॅड घातले. बसलेही गुमान. आज गॅरेजच्या कॉम्प्युटरवर तिचा चासी नंबर टाकला, तर इंजिन मोठं, आठ सिलिंडरचं! स्वतःच्या धाकट्या भावाच्या डोळ्यात खुपू नये म्हणून साहेबांनी वर लहानाचा आकडा लावून घेतलाय. गावात चालून जाईल, पण एवढं धूड घाटात उतरताना ते पॅड तापून सुटणार.

जेवताना मी साहेबांच्या गाडीचाच दाखला देत लहान इंजिनाची बाजू घेऊन तावातावाने भांडायचो आणि दादा गालातल्या गालात हसायचा. सगळं ठाऊक असून साहेबांचं गुपित त्याने माझ्यापाशीसुद्धा फोडलं नाही.

आणखी एक. चिमीचं दप्तर खुंटीलाच आहे. शाळेत फोन करून ती पोचली का विचार. साहेबांना आणायला आज गाडी रिकामी जाणार होती, आणि तिला एकदा त्या गाडीत बसवायचं दादाने कबूल केलं होतं.