दोन नंबरचा बोर्ड

२ जून, सोमवार
शाळेनं अक्काला परत घ्यायला अखेर होय म्हटलं. तेही अर्धंच. डोळे गेल्यापासून दोन वर्षं घरी बसून आहे. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही वर्ग घ्याल, शंकाच नाही. पण हजेरी आणि गुण संगणकावर स्वतः भरता आले पाहिजेत. सोळा तारखेला करून दाखवा."
अंधांच्या प्रशिक्षणात ती संगणक विंडोजवर नाही, लिनक्सवर शिकली. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज, त्याच्या कळा, सगळं बोटांत बसलंय. दुसरं काही नको म्हणते. म्हणजे नवं मशीन जुळवायचं. ते काम धाकट्या भावाकडं, म्हणजे माझ्याकडं.

४ जून
कॉलेजच्या लॅबमधली नोकरी आटोपली की लिनक्सवाल्यांचे फोरम वाचत बसतो. एक कळलं. लिनक्सला अगदी ताजा माल घ्यायचा नाही, वर्षभर मुरलेला घ्यायचा. प्रोसेसर, रॅम, डिस्क, यांची काळजी नाही. घोळ मदरबोर्डचा. मी हेरलेल्या बोर्डाच्या दोन आवृत्त्या आहेत, नाव एकच. १.० ची आवाजाची चिप लिनक्स ओळखतं. २.० मध्ये चिप बदललीय. आवाज कधी येतो, कधी नाही. लोक रडतायत.
आपल्याला तर आवाजच हवा. पडदा नसला तरी चालेल.

५ जून
संगमेशच्या दुकानात. (पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो. लिनक्सचं खूळ त्यानंच डोक्यात घातलं.) यादी दिली. म्हटलं, "बोर्ड १.० चाच. मिळाला नाही तर सांग, दुसरा शोधतो."
"आरं, लिहून घेतलं की. अक्काचं काम म्हंजी माझं काम."
त्यानं पुठ्ठ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. निश्चिंत झालो.

१० जून
संगमेशनं मशीन जोडूनच आणून दिलं. मला स्वतः जोडायचं होतं. अक्काला एकेक भाग हातात घेऊन बघायचा होता. हिरमुसली.
मी विचारलं, "बोर्डाबिर्डाचे डबे कुठंयत रे?" "भंगारात गेले."
तो गेल्यावर अक्कानं विचारलं, "तम्मा, बोर्ड तोच ना?" म्हटलं, "मी स्वतः बघून घेतलाय."
बघितला नव्हता. संगमेश म्हटल्यावर काय बघायचं.

११ जून
लिनक्स झटक्यात बसलं. आवाज नाही. सेटिंगमध्ये नुसतं 'डमी आउटपुट', म्हणजे आवाजाची चिप सापडतच नाही. सं.ला फोन. "कर्नल नवा टाक." लिनक्सचा तो गाभाच बदलला. दुपारी बोललं! अक्कानं सरावाला एका वर्गाची हजेरी भरली. चाळीस नावं, एक चूक. एक चूक झाली म्हणून सगळी परत भरली.

१३ जून
सकाळी मुकं. दोनदा रीस्टार्ट केल्यावर बोललं. सं. म्हणतो, "लिनक्सच्या खोडी तुला काय सांगायच्या? चालतंय न्हवं?"
चालतंय. पण...

१६ जून, सोमवार
लिहावंसं वाटत नाही.
मशीन शाळेत नेलं. समोर हेडमास्तर, क्लार्क, दोन शिक्षिका. अक्का मस्त सुरू झाली. बारा नावं झाली आणि लाइट गेली. दहा मिनिटांनी आली. मशीन सुरू झालं, आवाज नाही. रीस्टार्ट. नाही. परत रीस्टार्ट. अक्काची बोटं कळांवर तशीच. शेवटी म्हणाली, "सर, अंदाजानं भरते." भरली, भरभर. तेराव्या नावापासून सगळं एक ओळ खाली गेलं होतं. हजर पोरं गैरहजर. तिला कसं कळणार? मीच सांगितलं.
"बघू. कळवतो," हेडमास्तर.
मशीन रिक्षात घालून घरी आणलं.

१७ जून
लॅबला सुट्टी टाकली. मशीन खोललं. बोर्डाच्या कोपऱ्यात सं.च्या दुकानाचं वॉरंटीचं स्टिकर. बोर्डावर स्टिकर कोण लावतं? नखानं सोललं. खाली बारीक पांढरी अक्षरं. २.०.
बरोब्बर तेवढ्यावरच लावलेलं.
तसाच दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो.
"तुला माहीत होतं?"
"व्हय." लगेच म्हणाला. "एकचा कुठंच मिळंना. लातूर, सोलापूर, सगळीकडं इचारलं."
"मग सांगायचं होतंस."
"तू दुसरीकडनं घेतला असतास. अन् वाटलं, तू जमवशील. तू कायम जमवतोस की."
"आणि स्टिकर?"
त्यानं फडकं घेतलं. काउंटरवरची धूळ पुसत राहिला. त्याच्या दुकानातनं आज पहिल्यांदा चहा न पिता उठलो.
अंदाज चुकला असता, माल चुकून आला असता, तर भांडून मोकळा झालो असतो. पण ते स्टिकर त्यानं हातानं कापून, मापानं...

१८ जून
अक्काला सगळं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिनं.
"पण तू म्हणाला होतास, मी स्वतः बघून घेतलाय."
"बघितला नव्हता," म्हणालो.
"मी संगमेशवर नव्हते रे विसंबले. तुझ्यावर होते."
उठून आत गेली. भिंतीला हात लावत. घरात ती कधी भिंत धरत नाही.

२० जून
यूएसबीला लावायचं आवाजाचं यंत्र आणलं, बोटाएवढं. लॅबमधल्या लिनक्सवर हेच मॉडेल आधी चालवून बघितलं. एवढीशी वस्तू. आधी सुचायला काय झालं होतं?
वीस वेळा मशीन बंद-चालू केलं. वीसही वेळा बोललं. अक्का दाराशी उभी होती, मला माहीत नव्हतं.
"एकविसाव्यांदा कर," म्हणाली.
केलं.
सं.चे चार मिस्ड कॉल.

२४ जून, मंगळवार
शाळेचा निरोप. गुरुवारी परत या, पण ही शेवटची वेळ.
अक्का म्हणाली, "संगमेशला बरोबर घे."
"अक्का, त्यानं फसवलंय आपल्याला."
"फसवलंय तर. पण ऐन वेळी काही झालं तर काम येतं त्याला."
मग माझ्यावर विसंबणार का, असं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. ती परत हजेरी भरायला बसली. प्रत्येक नाव दोनदा ऐकते हल्ली.
सं.ला फोन केलेला नाही. अजून उद्याचा दिवस आहे.