जाईच्या मळ्यातल्या गाण्यांची सफाई

३ फेब्रुवारी
वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीचा मेल. महिनाअखेर दुकान बंद, सामान उचला म्हणे. सामान म्हणजे आमच्या किनाऱ्यावर अत्तरासाठी जाई खुडणाऱ्या बायकांची गाणी, संपातल्या घोषणा, सगळा इतिहास. युनियनच्या मूळ टेपा पुरात गेल्या, त्यामुळे जगात हीच एक प्रत. एका गाण्यात आई आहे. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. उद्या सकाळी सगळं उतरवून घेणार. निवृत्त स्टेशनमास्तर आहे मी, वेळ पाळणं रक्तात आहे.

११ फेब्रुवारी
सर्दी. उद्या नक्की.

१५ फेब्रुवारी
उतरवलं एकदाचं. पण ऐकवत नाही हो. खोकला, कुत्री, खरखर. हे जगापुढे ठेवायचं? आवाज साफ करणारा प्रोग्राम घेतला. बायको फोर्तुनाता म्हणाली, मूळ ठेव बाबा कुठेतरी, तू साफ केलेलं भिंतीवरचं घड्याळ अजून सुटं होऊन डब्यात पडलंय. फोर्तुनाताला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

२० फेब्रुवारी
झकास काम. एकेक शब्द सुटा ऐकू येतो. कॉम्प्युटरवर जागा उरली नाही, म्हणून मूळ फाइली उडवल्या. कचरा कशाला साठवायचा?

२२ फेब्रुवारी
जेवताना लांबून कुणा बाईने हाक मारली. माझंच नाव. गल्लीत कोणी नव्हतं. हेडफोनमुळे कान वाजत असणार.

२६ फेब्रुवारी
पुन्हा. फोर्तुनाताला काही ऐकू येत नाही. मी घाबरलेलो नाही. रेडिओ मोठा ठेवतो, इतकंच.

१ मार्च
जुनी साइट गेली, नवी सुरू. उद्घाटनाचा मान मिका मावशीला, आईची धाकटी बहीण, नव्वदी उलटलेली. दुपारी लॅपटॉप घेऊन गेलो. गाणं लागताच ताठ बसली. पहिलं कडवं संपलं तशी म्हणाली, आता तुझी आई. गाणं पुढे गेलं. परत लाव म्हणाली. परत लावलं. तेच.

मग सांगू लागली. उजाडण्याआधी खुडायचं, कंदील फक्त मुकादमाकडे. कडवं संपलं की प्रत्येकीने आपापल्या झाडांच्या ओळीतून ओ द्यायची. आईची ओळ डोंगराकडेची, सगळ्यात लांब, तिची ओ अगदी बारीक यायची. एखादीची ओ आली नाही तर खुडणं टाकून बघायला जायचं. साप असेल, भोवळ असेल, मुकादम असेल.

मी समजावलं, की प्रोग्रामला ती खरखर वाटली असावी, बाकी गाणं किती स्वच्छ झालंय बघ. फार वाईट वाटलं बोलताना. मावशीचं लक्षच नव्हतं. तिने स्वतः कडवं म्हटलं, थांबली, कान दिला. मग वाकून चपला शोधायला लागली. म्हणाली, सावेरियो, ती ओ देत नाहीये, चल बघून येऊ.

चपला घातल्या तिच्या पायात, हात धरला. मळ्याच्या जागी आता पार्किंग आहे. तिथे मावशीने आईला हाक मारली, थोडं थांबली, माझ्याकडे बघितलं. मग मीही मारली.